शास्त्राची हिशेबवही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर किंवा एखाद्या जुन्या संपाच्या इतिहासावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही तेच काम केले आहे आणि जे काही थोडे शिकलो, ते त्याच कामात शिकलो. तरीही आजचा विषय आम्ही निराळा घेतला आहे. शास्त्रज्ञ जे शोधनिबंध प्रसिद्ध करतात त्यांना जोडलेल्या आकड्यांच्या पुरवण्या, आणि त्या पुरवण्या गोळा करून आणणाऱ्या संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो ते, यांचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. युनियनच्या माणसाचा ह्या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. म्हणून प्रथम तो संबंध सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीच्या फेटलिंग खात्यातले कामगार आमच्याकडे आले. कोणाला खोकला, कोणाला धाप, कोणाला रात्र रात्र झोप नाही. वाळूची बारीक धूळ फुप्फुसांत साठत चालली होती. व्यवस्थापनाशी बोलणी सुरू झाली तेव्हा आमच्यापुढे एक अहवाल ठेवण्यात आला. पान एकच आणि त्यावर एकच सरासरी: खात्यातील हवेत धूळ कायद्याच्या मर्यादेत आहे. खाली सही आणि शिक्का. आम्ही म्हणालो, "सरासरी पाहिली. आता ज्या नोंदींवरून ती काढली त्या नोंदी दाखवा." त्या हाती यायला चौदा महिने लागले. आल्यावर दिसले की, दहापैकी सहा नोंदी गुरुवारी घेतलेल्या होत्या. गुरुवार हा त्या पट्ट्यातला साप्ताहिक सुट्टीचा वार. भट्टी बंद, ग्राइंडर बंद, खात्यात फक्त झाडूवाला! अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता. सरासरीचे गणितही बिनचूक होते. जे काय पाणी मुरत होते ते मागच्या पानांवर मुरत होते, आणि ती पाने आमच्यापासून दूर ठेवली होती. त्या चौदा महिन्यांत त्या खात्यातले दोघेजण कामावर येईनासे झाले.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट मनाशी बांधली. निष्कर्ष पुढच्या पानावर असतो आणि त्याचा पुरावा मागच्या पानांवर. बोनसच्या भांडणांत मुंबईच्या कामगारांनी हेच अनुभवले आहे. १९५० साली लेबर अपेलेट ट्रायब्युनलने गिरण्यांच्या बोनसचे सूत्र घालून दिले: ढोबळ नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा आणि यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाची तरतूद वजा करावी, आणि जी शिल्लक राहील तीतून बोनस द्यावा. पुढे वर्षानुवर्षे भांडण झाले ते शिल्लकीच्या आकड्यापेक्षा वजाबाकीच्या रकमांवरून, आणि त्या रकमा ताळेबंदाच्या पुरवणीत असत. शास्त्रातही अगदी हीच गोष्ट आहे, आणि तेथे हा झगडा फार जुना आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कच्या ह्वेन बेटावर टायको ब्राहे याने वीस वर्षे आकाशाची मोजमापे घेतली. दुर्बीण अद्याप निघालेली नव्हती. नुसत्या डोळ्यांनी आणि प्रचंड कोनमापकांनी त्याने ग्रहांच्या जागा टिपून वह्या भरल्या. ह्या वह्या तो जिवापाड जपे. केप्लर हा त्याचा मदतनीस, पण त्यालाही त्या पुरत्या पाहायला मिळत नसत. १६०१ साली टायको वारला, वह्या केप्लरने ताब्यात घेतल्या, आणि वारसांशी त्याची भांडणे जुंपली. परंतु त्या वह्यांतूनच मंगळाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, हे १६०९ साली जगाला कळले. ह्या शोधाचे मूळ केवढ्या फरकात होते? आठ कलांच्या, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या. टायकोचे ग्रहगोलांविषयीचे मत चुकीचे ठरले, पण त्याचे आकडे टिकले, आणि ते दुसऱ्याच्या हाती पडले म्हणून त्यांचे चीज झाले.

पुढे १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने शास्त्रीय नियतकालिक सुरू केले. कोणाच्याही नुसत्या शब्दावर विसंबू नये, हे त्या सोसायटीचे ब्रीद. ब्रीद उत्तम होते. परंतु कागद आणि खिळ्यांची जुळणी महाग होती. जसजशी मोजमापे वाढली तसतसे संपादक तक्ते छाटू लागले. निष्कर्ष छापायचा, आलेख छापायचा, आणि मोजमापांच्या वह्या लेखकाच्या कपाटात ठेवायच्या, अशी रीत पडली. ब्रीद राहिले भिंतीवर आणि वाचकाला विसंबावे लागले लेखकाच्या शब्दावरच.

ह्यावर पहिला मोठा उपाय निघाला तो १९३७ साली. वॉटसन डेव्हिस नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट स्थापन झाली. जे तक्ते छापणे परवडत नाही ते लेखकाने संस्थेकडे ठेवायचे; निबंधाच्या तळटीपेत त्या ठेवीचा क्रमांक छापायचा; ज्याला हवे असेल त्याने क्रमांक कळवून पैसे भरावे आणि मायक्रोफिल्मवर नक्कल मागवावी. आजच्या पुरवणीची ही आजी म्हणावयास हरकत नाही. तथापि, मागणी टपालाने, पैसे आगाऊ, आणि सूक्ष्म अक्षरे वाचण्यासाठी यंत्र निराळे. सामान्य अभ्यासकाला हे कोठून झेपणार?

मग राहिला एकच मार्ग: लेखकालाच पत्र घालायचे. त्या मार्गावर काय मिळते ह्याची एक हकीगत १९६२ साली लिरॉय वोलिन्स यांनी छापली. त्यांच्या एका विद्यार्थ्याने मानसशास्त्रातील ३७ लेखकांना पत्रे लिहून मूळ आकडेवारी मागितली. ३२ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांपैकी २१ जणांचे म्हणणे असे की, आकडेवारी हरवली, कोठे ठेवली ते आठवत नाही, किंवा नकळत नष्ट झाली. चव्वेचाळीस वर्षांनी, २००६ साली, त्याच शास्त्रात १४१ निबंधांच्या लेखकांकडे अशीच मागणी झाली. हे सगळे निबंध अशा नियतकालिकांतले, जिथे आकडेवारी देण्याचा करार लेखकाने सहीनिशी केलेला असतो. तरी ७३ टक्के लेखकांनी ती दिली नाही. मंडळी, करारावर सही होते आणि अंमलबजावणी राहून जाते, हे आम्हां युनियनवाल्यांना कोणी शिकवायला नको.

वेळ गेली म्हणजे माणसाची दानतही पुरत नाही. टिमथी वाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली पाहणी पाहा. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या मोजमापांवरील ५१६ निबंध त्यांनी घेतले. दोन वर्षांपासून बावीस वर्षांपर्यंत जुने. निबंधाचे वय जसे वाढते तशी त्याची आकडेवारी अस्तित्वात असण्याची शक्यता वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घटत जाते, असे त्यांना आढळले. कोणी दडवून ठेवले म्हणून हे घडत नाही. पत्ता बदलतो, संगणक भंगारात जातो, जुनी फ्लॉपी वाचणारे यंत्र उरत नाही. लोकांच्या पैशाने, वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घेतलेली मोजमापे अशी मातीत जातात.

काही शास्त्रांनी मात्र आपल्या आकड्यांसाठी वेळीच सामायिक कोठारे बांधली. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे प्रथिनांच्या रचनांचे कोठार सुरू झाले, तेव्हा त्यात फक्त सात रचना होत्या. १९८२ साली जनुकांच्या अक्षरमालेसाठी जेनबँक निघाली. १९९६ साली बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी ठरविले की, मानवी जनुकसंचाची जी अक्षरमाला वाचून होईल ती चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुली करावी. पुढे नियतकालिकांनी दंडक घातला: कोठारातील ठेवीचा क्रमांक दाखवा, तरच निबंध छापू. येथे सज्जनपणावर काही सोडले नाही. नियम केला, आणि तो न पाळणाऱ्याचे काम अडविले. म्हणून तो चालला.

याच सुमारास इंटरनेट आले. कागदाचा खर्च संपला. नव्वदीच्या अखेरीपासून नियतकालिके निबंधाबरोबर पुरवण्या ठेवू लागली: तक्ते, नकाशे, प्रश्नावल्या, आणि हजारो ओळींच्या आकड्यांच्या फायली. २०११ साली जीवशास्त्रातील काही प्रमुख नियतकालिकांनी एकत्र येऊन आकडेवारी सार्वजनिक कोठारात ठेवण्याची अट घातली. आता सारे सुरळीत झाले, असे वाटावे अशी ही स्थिती.

परंतु सरकारी कचेरीत ज्याने कागद काढले आहेत त्याला पुढची अडचण ओळखता येईल. कागद आहे, नियमाने मिळतोही. पण खिडक्या पन्नास, आणि प्रत्येक खिडकीची रीत वेगळी. एका प्रकाशकाकडे पुरवणी निबंधाच्या तळाशी, दुसऱ्याकडे वेगळ्या पानावर, तिसऱ्याकडे अनेक फायलींची एकच गठडी. फायलींची नावेही अशी की, शंभर उतरवून घेतल्या तर कोणती कोणाची हे कळू नये. एकच निबंध तपासणाऱ्याला हे जमते. परंतु ज्याला हजार निबंधांची झडती घ्यायची आहे तो माणूस हाताने किती दिवस बसणार? आणि बसलाच, तर थकल्या हाताने चुका किती करणार?

ही गाठ सोडवली ती आज्ञावलीने. तिच्यासाठी आधी एक पाया घातला गेला होता. २००० साली प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ ही संस्था काढली आणि प्रत्येक निबंधाला कायमचा क्रमांक देण्याची व्यवस्था केली. ह्या क्रमांकाला डीओआय म्हणतात. प्रकाशकाचे संकेतस्थळ बदलो, मालक बदलो, निबंधाचा क्रमांक बदलत नाही. कामगाराला जसा तिकीट नंबर, तसा निबंधाला हा डीओआय. क्रमांक ठरला म्हणजे यंत्राला हाक मारता येते.

अशा आज्ञावल्या अनेक निघाल्या. त्यांपैकी एक, अगदी ह्याच कामासाठी लिहिलेली, तिचे नाव 'सप्डेटा'. विल्यम पिअर्स आणि स्कॉट चेंबरलेन यांनी २०१८ साली तिच्यावर टिपण प्रसिद्ध केले. ती 'आर' नावाच्या संगणकभाषेत लिहिली आहे. ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तयार केली, आणि ती सर्वांना फुकट आहे. आज्ञावलीला दोनच गोष्टी सांगावयाच्या: निबंधाचा डीओआय आणि पुरवणीचा क्रमांक किंवा तिचे नाव. निबंध कोणत्या प्रकाशकाचा आहे हे ती ओळखते, त्या खिडकीची रीत तिला ठाऊक असते, ती तेथे जाऊन फाईल आणते आणि ठराविक नावाने ठेवते. एकदा आणलेली फाईल जवळ असेल तर पुन्हा मागत नाही, म्हणजे समोरच्यालाही विनाकारण त्रास नाही.

ह्यात वेळ वाचतो हे खरेच, परंतु आम्हांला मोल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. हाताने उतरवलेल्या फायलीविषयी नंतर कोणी विचारले की, ही कोठून आणली, तर सांगणाऱ्याच्या आठवणीवर विसंबावे लागते. आज्ञावलीत मात्र आणण्याची कृतीच लिहिलेली असते. कोठून आणले, कोणती पुरवणी आणली, पुढे तिच्यावर काय क्रिया केली, हे ओळीने मांडलेले. आणि तेच कागद दुसऱ्याने चालविले की पुन्हा तेच घडते. पंच, पंचनामा आणि मुद्देमाल, सगळे एकाच ठिकाणी! मात्र हे काम एकदा करून संपत नाही. प्रकाशकाने आपल्या पानाची मांडणी बदलली की आज्ञावली अडखळते आणि कोणीतरी ती दुरुस्त करावी लागते. हे दुरुस्तीचे श्रम बहुधा विनावेतन होतात, आणि त्यांची नोंद कोणत्याही मस्टरवर नसते.

आता अशा सामुदायिक झडतीतून काय निघाले, ते ऐका. आपल्या पेशींतील काही जनुकांची नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती: 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी. हिशेबाच्या एक्सेल नावाच्या आज्ञावलीत ही नावे लिहिली की ती त्यांना तारीख समजे आणि 'सेप्ट-२'चे २ सप्टेंबर करून टाकी. असे होते, हा इशारा २००४ सालीच छापून आला होता. पण होते किती, हे कोण मोजणार? २०१६ साली मेलबर्नच्या मार्क झीमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १८ नियतकालिकांतील २००५ ते २०१५ ह्या काळातील निबंधांच्या एक्सेल पुरवण्या आज्ञावलीने उतरवून घेतल्या. फायली ३५,१७५! त्यांत जनुकांच्या याद्या असलेले निबंध ३,५९७ निघाले. त्यांपैकी ७०४ निबंधांच्या पुरवण्यांत नावांच्या तारखा झालेल्या होत्या, पाचांत एक. ह्यामुळे ते निबंध खोटे ठरतात असे नाही. परंतु ज्या याद्यांवर पुढच्या अभ्यासकाने इमारत चढवायची, त्यांत विटा गहाळ होत्या, आणि लेखक, परीक्षक, संपादक यांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

पुढे २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नवे नियम प्रसिद्ध केले आणि अशी नावेच बदलली. 'मार्च-१'चे 'मार्चएफ-१' झाले, 'सेप्ट'चे 'सेप्टिन'. २०२१ साली पुन्हा झडती झाली, ह्या खेपेस ११,११७ निबंधांची, आणि चुकांचे प्रमाण घटण्याऐवजी ३० टक्क्यांवर गेलेले आढळले. अखेर २०२३ साली एक्सेलच्या मालकांनी ही आपोआप होणारी तारीख बंद करण्याची सोय दिली. इशाऱ्यापासून सोयीपर्यंत एकोणीस वर्षे! ज्या दिवशी चूक मोजली गेली त्या दिवसापासून तिच्याकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले.

तुम्ही म्हणाल, जनुकांच्या नावांनी आमच्या चुलीला काय फरक पडतो? तर आता चुलीचीच गोष्ट सांगतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या दोघा नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. प्रगत देशांचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीचा दर सरासरी उणे ०.१ टक्का होतो, असा त्याचा एक आकडा. जग मंदीत होते, बेकारी वाढत होती. ब्रिटनमध्ये जॉर्ज ऑसबोर्न, अमेरिकेत पॉल रायन, आणि युरोपातले मुखत्यार ह्या निबंधाचा दाखला देऊ लागले: खर्च कापा. खर्च कापणे म्हणजे काय, हे ज्यांचे पगार गोठले, ज्यांच्या दवाखान्यांना कात्री लागली त्यांनी भोगले. त्या धोरणाला ह्या एका निबंधानेच जन्म दिला, असे आम्ही म्हणणार नाही. राज्यकर्त्यांची इच्छा आधीच होती. परंतु निबंधाने तिला शास्त्राचा शिक्का मिळवून दिला.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत टॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी होता. वर्गातला स्वाध्याय म्हणून त्याने तो निबंध पडताळायला घेतला. गणित काही जुळेना. शेवटी त्याने लेखकांनाच पत्र लिहिले, आणि त्यांनी मूळ तक्ता पाठवून दिला. ह्या मोकळेपणाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तक्ता उघडला तर सरासरी ३० ते ४९ ओळींची घ्यायची, ती घेतली होती ३० ते ४४ ओळींची. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गणतीतूनच सुटले होते. शिवाय काही देशांची काही वर्षे घेतलीच नव्हती. आणि न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतकेच वजन दिले होते. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी एप्रिल २०१३ मध्ये नवा हिशेब मांडला, तेव्हा उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आले. मूळ लेखकांनी ओळींची चूक कबूल केली; मोठे कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध मात्र राहतोच, असे त्यांचे म्हणणे कायम राहिले. तो वाद विद्वानांनी चालवावा. आमचा मुद्दा तीन वर्षांचा आहे. तो तक्ता २०१० सालीच निबंधाला पुरवणी म्हणून जोडलेला असता, आणि कोणालाही विनंती न करता उतरवून घेता आला असता, तर ही वजाबाकी पहिल्याच महिन्यात कोणीतरी केली असती.

ह्या खुलेपणावर शास्त्रज्ञांचे जे आक्षेप आहेत त्यांतले दोन न्याय्य आहेत. पहिला रुग्णांचा. माणसाच्या आजाराची नोंद ही त्याची स्वतःची आहे. नाव-गाव पुसूनही ती ओळखू येत असेल तर ती बाजारात मांडता कामा नये. आमच्या फाउंड्रीतल्या कामगाराचा क्ष-किरण फोटो उद्या नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर गेला तर आम्हीच प्रथम दाराशी बसू. दुसरा आक्षेप श्रमाचा. २०१६ साली एका थोर वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात दुसऱ्यांच्या आकड्यांवर अभ्यास करणाऱ्यांना 'संशोधनातील बांडगुळे' म्हणण्याची काहींची भाषा छापली गेली, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. शब्द कडवट होता, पण त्यामागची व्यथा आम्हांला कळते. ज्याने चिखलात उभे राहून मोजमापे घेतली त्याचे नाव मागे पडावे आणि टेबलाशी बसलेल्याचे पुढे यावे, हे कष्टकऱ्याच्या वाट्याला नेहमीचेच आहे. ह्यावर उपाय एकच: मोजमाप करणाऱ्याला त्याच्या आकडेवारीचे स्वतंत्र श्रेय द्यावे, तिलाही डीओआय द्यावा, आणि जो ती वापरील त्याने त्याचे नाव घेतलेच पाहिजे असा दंडक असावा. वही कुलपात ठेवल्याने त्याचे श्रम वाचत नाहीत. ते वाया मात्र जातात.

आपल्या देशापुरते एक सांगून संपवतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये देऊन सरकारी विद्यापीठांना, महाविद्यालयांना आणि संशोधनसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचायला मिळावीत, अशी तिची आखणी. विद्यार्थ्यांचे हित आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु फाउंड्रीतला कामगार विद्यापीठाच्या पटावर नाही. युनियनची कचेरी, खेड्यातला डॉक्टर, गावचे वाचनालय, हे कोणीही त्या पटावर नाही. त्यांच्या जीविताविषयी जे निबंध लिहिले जातात त्यांचे आकडे तरी त्यांना वर्गणीवाचून, अर्जावाचून मिळाले पाहिजेत.

आज ह्या सभागृहात बसलेल्या कितीतरी मुलामुलींना संगणकाच्या भाषा येतात. त्यांना आमची विनंती आहे. 'शास्त्रीय अहवालात असे सिद्ध झाले आहे' हे वाक्य तुम्हांला कारखान्यात ऐकू येईल, ग्रामसभेत ऐकू येईल, निवडणुकीत तर येईलच. त्या वेळी भांडू नका आणि मानही डोलावू नका. शांतपणे विचारा, "पुरवणी कोठे आहे?" असेल तर ती उतरवून घ्या, ओळी मोजा, वार कोणता होता ते पाहा. आम्हांला चौदा महिने लागले. तुमच्या हाती आता असे अवजार आहे की, तुम्हांला एक दुपार पुरेल.